ओढलं की ढकललं? एकोवर डायस्टोल आणि फिलिंग प्रेशर वाचायला शिकताना

एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकायला आलेल्यांना इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते, महिन्याभरात नुसत्या नजरेने सांगता येऊ लागतं. डायस्टोलशी, म्हणजे हृदय सैल पडून रक्ताने भरण्याच्या टप्प्याशी, मात्र सहा महिने झाले तरी गट्टी जमत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आकुंचन डोळ्याला दिसतं: भिंती आत येतात, पोकळी लहान होते, संपलं. प्रसरण तसं दिसत नाही. भिंत सैल पडायला किती वेळ लागला, तिने रक्त आत घेतलं की रक्तच तिच्या अंगावर येऊन आदळलं, हे राखाडी चित्रावरून कुणालाच सांगता येणार नाही. ते वेगांवरून ताडावं लागतं.

‘ताडावं लागतं’ हे मुद्दाम म्हणतोय. प्रेशर खरोखर मोजायचं तर कॅथेटर आत घालावं लागतं. १९७० मध्ये स्वान आणि गांझ यांनी टोकाला फुगा असलेलं कॅथेटर आणलं आणि वेज प्रेशर, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतून कळणारा डाव्या कर्णिकेच्या दाबाचा अंदाज, रुग्णाच्या खाटेशेजारी मोजता येऊ लागलं. आपल्या हातातला प्रोब प्रेशर मोजत नाही. तो वेग मोजतो, आणि त्या वेगांच्या साक्षीवरून आपण प्रेशरबद्दल निकाल देतो. साक्षीदार एकच असेल तर निकाल कच्चा.

चार कप्प्यांचा एपिकल व्ह्यू काढता येतो, पण डॉपलरचं, म्हणजे वेग मोजण्याचं, बटण दाबल्यावर हात थबकतो, अशांसाठी हे लिहितोय. कर्णिका, जवनिका हे शब्द शाळेत ठीक होते. एको रूममध्ये डाव्या कर्णिकेला सगळे एलए आणि डाव्या जवनिकेला एलव्ही म्हणतात, मीही तेच म्हणतो.

प्रोब उचलण्याआधी

निरोगी एलव्ही आकुंचन संपलं की पीळ सुटल्यासारखा सैल पडतो आणि एलएमधलं रक्त ओढून घेतो. हे सैल पडणं आपोआप होत नाही, त्याला ऊर्जा लागते. पेशीतलं कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरावं लागतं. म्हणून स्नायूला रक्त कमी पडलं, तो जाड झाला किंवा वय झालं की बहुतेक वेळा आधी हेच बिघडतं. ओढण्याची ताकद कमी झाली की सुरुवातीला येणारं रक्त घटतं आणि उरलेलं काम एलएच्या शेवटच्या आकुंचनावर पडतं. पुढे एलव्ही ताठही होतो. मग एलएमधलं प्रेशर वाढतं आणि रक्त ढकलून आत पाठवलं जातं. हेच वाढलेलं प्रेशर मागे फुप्फुसांच्या शिरांपर्यंत जातं आणि माणसाला धाप लागते.

पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं: रक्त आत आलं खरं, पण ते ओढलं गेलं की ढकललं गेलं?

‘फिलिंग प्रेशर’ हा शब्द सैल वापरला जातो, तेही आत्ताच पाहून घ्या. एलएचं सरासरी प्रेशर ही एक गोष्ट, एलव्हीचं डायस्टोलच्या अगदी शेवटचं प्रेशर ही दुसरी. आजाराच्या सुरुवातीला दुसरं वाढलेलं आणि पहिलं ठीक, असं चालतं. धापेशी जास्त नातं पहिल्याचं. ढोबळ हिशेब असा: विश्रांतीत वेज प्रेशर १५ मिमी पाऱ्याच्या वर गेलं, किंवा एलव्हीचं शेवटचं प्रेशर १६ च्या वर गेलं, तर ते वाढलेलं धरतात.

पायरी १: तयारी, जी सगळे गाळतात

रुग्णाला डाव्या कुशीवर नीट वळवा. ईसीजीच्या तारा लावा आणि पडद्यावर ट्रेस स्वच्छ येतोय का बघा. त्याशिवाय कुठली वेव्ह कुठली हे सांगताना फसाल. ब्लड प्रेशर आणि हृदयाची गती त्याच वेळी टिपा. १८० सिस्टोलिक असताना काढलेला डायस्टोल आणि १२० असताना काढलेला डायस्टोल हे एकाच माणसाचे दोन वेगळे रिपोर्ट असतात. ताल सायनस म्हणजे नेहमीचा आहे की एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे कर्णिकांचा अनियमित, पेसमेकर आहे का, एलए आणि एलव्हीच्या मधली मायट्रल झडप कृत्रिम आहे का, हे आधी विचारा. पुढच्या निम्म्या आकड्यांचा अर्थ त्यावर ठरतो.

स्वीप स्पीड १०० मिमी प्रति सेकंद ठेवा. श्वास सोडून झाल्यावर क्षणभर थांबायला सांगा आणि तेव्हाची नोंद घ्या.

पायरी २: आधी चित्र, मग डॉपलर

एलव्हीची भिंत जाड आहे का, इजेक्शन फ्रॅक्शन किती, कुठला भाग हलत नाही का, हे आधी पाहा. कारण पुढे दोन वाटा फुटतात: स्नायू निरोगी दिसतोय अशा माणसाची एक, आणि स्नायूचा आजार आधीच उघड आहे अशाची दुसरी.

मग एलएचं आकारमान. एलए हा या सगळ्या प्रकरणाचा जुना साक्षीदार. डॉपलर आजच्या प्रेशरबद्दल बोलतो, एलए गेल्या कित्येक महिन्यांबद्दल. चार कप्प्यांच्या आणि दोन कप्प्यांच्या व्ह्यूमध्ये, मायट्रल झडप उघडण्याच्या लगेच आधीच्या फ्रेमवर कडा आखा. फुप्फुसाच्या शिरा आणि अपेंडेज, म्हणजे एलएची छोटी पिशवी, बाहेर ठेवा. दोन्ही व्ह्यूंमधल्या लांबीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर एक व्ह्यू तिरका कापला गेलाय; पुन्हा काढा. एलव्हीसाठी उत्तम असलेला व्ह्यू एलएला हमखास आखूड करतो, म्हणून एलएसाठी प्रोब थोडा सरकवून वेगळं चित्र घ्या. शरीराच्या पृष्ठफळाने भागल्यावर ३४ मिली प्रति चौरस मीटरच्या वर गेलं तर एलए मोठा.

पण मोठा एलए म्हणजे वाढलेलं प्रेशर असं लगेच म्हणू नका. खेळाडूंचा मोठा असतो, फिब्रिलेशनमध्ये मोठा असतो, मायट्रल झडप गळत असेल तर असतोच असतो.

पायरी ३: मायट्रल इनफ्लो

एपिकल चार कप्प्यांचा व्ह्यू. कलर लावून रक्ताची धार नेमकी कुठल्या दिशेने जातेय ते पाहा. एलव्ही फुगलेला असेल तर धार बाहेरच्या भिंतीकडे वळते आणि सरळ उभा कर्सर तिला चुकवतो. पल्स्ड डॉपलरचा सॅम्पल व्हॉल्यूम १ ते ३ मिमीचा करा आणि झडपेच्या पानांच्या टोकांमध्ये ठेवा. टोकांमध्ये. ॲन्युलसमध्ये, म्हणजे झडपेच्या बुडाच्या कडीत, नाही. एक-दीड सेंटीमीटर मागे सरकलं की ई वेव्ह, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या रक्ताची, बुटकी होते आणि तिचं ए वेव्हशी, म्हणजे एलएच्या शेवटच्या आकुंचनाच्या वेव्हशी, असलेलं ई-ए गुणोत्तर उलटू शकतं. नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती सेव्ह केलेल्या चित्रात कळूनही येत नाही, कारण वेव्ह दिसायला छान स्वच्छ असते.

तीन गोष्टी मोजा: ई वेव्हची उंची, ए वेव्हची उंची, आणि ई वेव्हच्या शिखरापासून बेसलाइनपर्यंत उतरायला लागणारा वेळ, म्हणजे डिसेलरेशन टाइम. उतार सरळ रेषेने खाली वाढवायचा. वेव्हचं शेपूट वाकडं असेल तर त्यामागे जायचं नाही.

आता नमुने. ओढण्याची ताकद कमी, पण प्रेशर ठीक: ई बुटकी, ए उंच, उतार लांबलेला. प्रेशर खूप वाढलेलं, एलव्ही ताठ: ई उंच आणि टोकदार, ए पिटुकली, उतार तीव्र. या दोन टोकांच्या मध्ये एक ठिकाण येतं जिथे वाढलेलं प्रेशर ई ला पुन्हा वर ढकलतं आणि नमुना निरोगी माणसासारखाच दिसतो. याला स्यूडोनॉर्मल म्हणतात. ई-ए गुणोत्तर १.२ हे पंचविशीतल्या निरोगी माणसाचं असू शकतं आणि रात्री झोपेतून धाप लागून उठणाऱ्याचंही. मायट्रल इनफ्लो एवढंच सांगतो की रक्त किती वेगाने आलं. कुणी ओढलं की मागून कुणी ढकललं, हे तो सांगत नाही.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. शिकत असताना एका १९ वर्षांच्या पोहणाऱ्या मुलाचा एको केला. ई ११०, ए ४५ सेंमी प्रति सेकंद, गुणोत्तर जवळपास २.४. मी पाठ केलेलं होतं: दोनच्या वर म्हणजे तिसरी, सर्वांत गंभीर ग्रेड. तसं लिहून मोकळा झालो. आमच्या सरांनी रिपोर्ट वाचला, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. तो मुलगा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एका उडीत चढत होता. “अहो डॉक्टर, टिश्यू डॉपलर लावला होता का?” एवढंच म्हणाले. नव्हता लावला. लावल्यावर ई-प्राइम, म्हणजे स्नायू सैल पडण्याचा वेग (पुढच्या पायरीत येतो), आतल्या बाजूला १४, बाहेरच्या बाजूला १८. त्याचा एलव्ही रक्त इतक्या जोरात ओढत होता की एलएच्या आकुंचनासाठी काही उरतच नव्हतं.

पायरी ४: टिश्यू डॉपलर, जिथे खरा निकाल लागतो

आता रक्ताचा नाही, स्नायूचा वेग मोजायचा. एलव्ही सैल पडताना लांबीने ताणला जातो आणि मायट्रल ॲन्युलस एपेक्सपासून, म्हणजे हृदयाच्या टोकापासून, दूर जातो. त्या हालचालीचा सुरुवातीचा वेग म्हणजे ई-प्राइम. एलव्ही स्वतः किती चपळाईने सैल पडतो, याच्या सर्वांत जवळ आपल्याला नेणारा हा आकडा. स्नायू आजारी असला की प्रेशर वाढवून तो फारसा वर जात नाही. म्हणून स्यूडोनॉर्मलचं सोंग इथे उघडं पडतं: ई सुधारल्यासारखी दिसते, ई-प्राइम खालीच राहतो.

सॅम्पल व्हॉल्यूम इथे मोठा, ५ ते १० मिमी, आणि झडपेची पानं जिथे चिकटतात त्या जागी किंवा तिच्या एक सेंटीमीटरच्या आत. आतल्या म्हणजे सेप्टल बाजूला एकदा, बाहेरच्या म्हणजे लॅटरल बाजूला एकदा. स्केल बेसलाइनच्या वर-खाली साधारण २० सेंमी प्रति सेकंदापर्यंत आणा. गेन कमी करा. जास्त ठेवला की वेव्हची कड फुलते आणि तुम्ही फुललेली कड मोजता. बेसलाइनच्या खाली दोन वेव्ह दिसतील: आधीची ई-प्राइम, ईसीजीवरच्या पी वेव्हनंतर येणारी ए-प्राइम.

कोनाकडे इथे बारीक लक्ष द्या. डॉपलर फक्त कर्सरच्या दिशेतला वेग पाहतो. सेप्टम खरोखर ८ सेंमी प्रति सेकंद वेगाने हलतंय असं समजा. कोन २० अंशांचा असेल तर मशीन ७.५ दाखवेल, चालेल. कोन ४० अंशांचा झाला तर तेच ८ पडद्यावर ६.१ म्हणून येईल. सेप्टल बाजूची सीमा ७ आहे. म्हणजे हात थोडा आळसावला म्हणून एका निरोगी माणसाला आजार चिकटला. लॅटरल भिंत तिरकी असते, तिथे हे जास्त होतं. प्रोब बाहेर सरकवून सेक्टर वळवा आणि भिंत कर्सरला समांतर आणा. २० अंशांच्या आत राहायचं.

सेप्टल ई-प्राइम ७ च्या खाली किंवा लॅटरल १० च्या खाली असेल तर सैल पडणं मंदावलंय. वयाबरोबर दोन्ही उतरतात, हे ध्यानात ठेवा. सत्तरीतल्या माणसाचा सेप्टल ६ पाहून लगेच घाबरवणारा रिपोर्ट लिहू नका. बाकीचे साक्षीदार काय म्हणतात ते ऐका.

आता ई ला ई-प्राइमने भागा, दोन्ही बाजूंची सरासरी घेऊन. भागाकारामागचा विचार साधा: रक्त आलं किती वेगाने, आणि त्यातलं ओढण्याचं श्रेय किती? ओढण्याची ताकद कमी असूनही रक्त वेगाने येत असेल तर मागून ढकललं जातंय. मेयो क्लिनिकच्या एका गटाने २००० साली हेच गुणोत्तर कॅथेटरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. सेप्टल बाजूने ८ च्या खाली बहुतेकांचं प्रेशर ठीक निघालं, १५ च्या वर बहुतेकांचं वाढलेलं, आणि ८ ते १५ च्या मध्ये सगळा गोंधळ. आजही सरासरी १४ च्या वर गेली तरच वाढलेलं म्हणतात. एकच बाजू मिळाली तर सेप्टल १५ च्या वर किंवा लॅटरल १३ च्या वर. गोंधळाचा पट्टा मात्र तिथेच आहे, आणि ओपीडीतले निम्मे लोक त्याच पट्ट्यात येऊन बसतात असं मला नेहमी वाटतं.

पायरी ५: ट्रायकस्पिडची गळती

एलएमधलं प्रेशर मागे फुप्फुसात जातं, तिथून उजव्या बाजूला. तिथली ट्रायकस्पिड झडप, म्हणजे उजव्या कर्णिका आणि जवनिकेच्या मधली, थोडी जरी गळत असेल तरी कंटिन्युअस डॉपलरने त्या धारेचा सर्वाधिक वेग घ्या. वेगाचा वर्ग करून चारने गुणा. प्रेशरमधला फरक मिळतो. २.८ मीटर प्रति सेकंद म्हणजे ३१ मिमी पारा. इथे वर्ग आहे, त्यामुळे छोटी चूक मोठी होते: २.७ ऐवजी ३.१ वाचलं की २९ चे ३८ झाले. वेव्हच्या टोकाला पातळ दाढीसारखी झालर येते, ती मोजू नका. दाट, भरलेल्या भागाची कड मोजा. एका व्ह्यूवर थांबू नका; पॅरास्टर्नल, एपिकल, सबकॉस्टल, जिथे सर्वांत जास्त वेग मिळेल तो घ्या. वेव्ह अर्धवट असेल तर आकडाच देऊ नका.

सीमा २.८. इनफिरियर व्हेना केव्हा, म्हणजे पोटाकडून उजव्या कर्णिकेत येणारी मोठी शीर, २.१ सेंमीपर्यंत असून नाकाने जोरात श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त आवळत असेल तर उजव्या कर्णिकेचं प्रेशर ३ धरा; त्याहून रुंद असून आवळत नसेल तर १५; मधलं काही असेल तर ८. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसात वाढलेला वेग डाव्या बाजूबद्दल काहीच सांगत नाही, तो फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा असतो.

पायरी ६: साक्षी एकत्र करा

अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफी आणि तिच्या युरोपीय जोडीदार संस्थेने २०१६ मध्ये दिलेली पद्धत शिकण्यासाठी सर्वांत सोपी. स्नायू निरोगी दिसतोय आणि इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं आहे, तर चार प्रश्न: ई बाय ई-प्राइमची सरासरी १४ च्या वर आहे का? ई-प्राइम सीमेच्या खाली आहे का? ट्रायकस्पिडचा वेग २.८ च्या वर आहे का? एलए ३४ च्या वर आहे का? तीन किंवा चार ‘हो’ आले तर डायस्टोलिक डिसफंक्शन आहे. शून्य किंवा एक आला तर नाही. दोन-दोन झाले तर ठरवता येत नाही, आणि तसंच लिहायचं.

स्नायूचा आजार आधीच उघड असेल, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन कमी, भिंत जाड, जुना हार्ट ॲटॅक, तर डिसफंक्शन आहे का हे विचारायचंच नाही, ते आहेच. प्रश्न उरतो प्रेशरचा. ई-ए ०.८ किंवा कमी आणि ई ५० सेंमी प्रति सेकंदाच्या आत: प्रेशर ठीक, पहिली ग्रेड. ई-ए २ किंवा जास्त: प्रेशर वाढलेलं, तिसरी ग्रेड. यांच्या मधलं काहीही असेल तर ई बाय ई-प्राइम, ट्रायकस्पिड आणि एलए या तिघांचं मत घ्या. तिघांपैकी दोघं वाढलेलं म्हणाले तर दुसरी ग्रेड, दोघं ठीक म्हणाले तर पहिली. दोघंच हजर असून एक हो आणि एक नाही म्हणाला, तर पुन्हा ‘ठरवता येत नाही’.

२०२५ मध्ये अमेरिकन सोसायटीने नवी आवृत्ती काढली. तिच्यात सीमा थोड्या हलल्या आणि एलएच्या स्ट्रेनला, म्हणजे एलए भरताना किती टक्के ताणला जातो याला, मोठं स्थान मिळालं. १८ टक्के किंवा कमी ही प्रेशर वाढल्याची खूण. तुमच्या विभागात कुठली आवृत्ती वापरतात ते विचारून घ्या आणि एका रिपोर्टमध्ये दोन्हींची सरमिसळ करू नका.

पायरी ७: अडलात तर

पहिला उपाय फुकटचा आहे: व्हालसाल्वा. रुग्णाला तोंड-नाक बंद करून १० सेकंद जोर लावायला सांगा, साधारण ४० मिमी पाऱ्याएवढा. छातीतला दाब वाढतो, एलएकडे रक्त कमी येतं, ढकलणारा हात सुटतो. ई-ए गुणोत्तर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं तर प्रेशर वाढलेलं होतं, यावर बराच भरवसा ठेवता येतो. अडचण एकच: जोर लावताना छाती हलते आणि सॅम्पल व्हॉल्यूम धारेतून निसटतो. मग ई आणि ए दोन्ही सारख्याच कमी झालेल्या दिसतात, त्यातून काही अर्थ काढू नका. आणि “जोर लावा” एवढंच सांगून भागत नाही. कुणी पोट ताणतं, कुणी नुसता श्वास धरतं. आधी एकदा करून दाखवा.

दुसरा उपाय फुप्फुसाची शीर. एपिकल व्ह्यूमध्ये उजवी वरची शीर कलरने शोधा आणि सॅम्पल व्हॉल्यूम तिच्या एक-दोन सेंटीमीटर आत ठेवा. एलएचं प्रेशर वाढलं की सिस्टोलमधला प्रवाह घटतो आणि डायस्टोलमधला वरचढ होतो. इजेक्शन फ्रॅक्शन कमी असलेल्यांत हे जास्त कामाचं, तरुणांत नाही, कारण त्यांच्यात डायस्टोलचा प्रवाह तसाही वरचढ असतो. एलए आकुंचन पावताना शिरेत उलटं जाणारं रक्त मायट्रलच्या ए वेव्हपेक्षा ३० मिलिसेकंदांहून जास्त वेळ चाललं तर एलव्हीचं शेवटचं प्रेशर वाढलंय.

तिसरा उपाय व्यायाम. काहींचं प्रेशर बसल्या जागी ठीक असतं आणि जिना चढताना वाढतं. सायकल एर्गोमीटरवर पुन्हा ई बाय ई-प्राइम आणि ट्रायकस्पिडचा वेग घ्यायचा. पण हे पहिल्या महिन्यात एकट्याने करायचं काम नाही.

जिथे हे नियम चालत नाहीत

फिब्रिलेशनमध्ये ए वेव्हच नसते, ई-ए बाद. शक्यतो दहा ठोक्यांची सरासरी घ्या. सेप्टल ई बाय ई-प्राइम ११ किंवा जास्त असेल तर वाढलेलं प्रेशर, आणि इजेक्शन फ्रॅक्शन कमी असेल तर डिसेलरेशन टाइम १६० मिलिसेकंद किंवा कमी हीही खूण.

मायट्रल ॲन्युलसमध्ये कॅल्शियम साचलं असेल, झडप कृत्रिम असेल किंवा तिथे रिंग बसवली असेल तर ॲन्युलस हलूच शकत नाही. ई-प्राइम कमी येतो तो स्नायूमुळे नाही. मायट्रल स्टेनोसिसमध्ये, म्हणजे झडप अरुंद झालेली असताना, ई उंच असते ती झडपेमुळे. लेफ्ट बंडल ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवहनातला अडथळा) आणि पेसमेकरमध्ये सेप्टमचा वेग भरवशाचा नसतो. गती खूप वाढली की ई आणि ए एकमेकींवर चढतात. मग थांबा, गती उतरू द्या.

आणि एक उलटा प्राणी: कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. इथे स्नायू निरोगी, बाहेरचं आवरण ताठ. सेप्टल ई-प्राइम चांगला असतो, बहुतेकदा लॅटरलपेक्षाही जास्त, म्हणून ई बाय ई-प्राइम कमी येतो, आणि प्रेशर मात्र चढलेलं असतं. पायांना सूज, मानेची शीर फुगलेली, इजेक्शन फ्रॅक्शन छान आणि सेप्टल ई-प्राइम १२ असा रुग्ण दिसला तर ग्रेड लिहू नका, वरिष्ठांना हाक मारा.

एक रुग्ण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

६८ वर्षांच्या बाई, जुना रक्तदाब, दोन महिन्यांपासून चालताना धाप. इजेक्शन फ्रॅक्शन ६०. सेप्टम १३ मिमी, म्हणजे भिंत जाड, म्हणजे दुसरी वाट. ई ९२, ए ७८, गुणोत्तर १.१८. पहिल्या नजरेला अगदी साळसूद. सेप्टल ई-प्राइम ५, लॅटरल ७, सरासरी ६. ई बाय ई-प्राइम १५.३. ट्रायकस्पिड ३.० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ३६, त्यात उजव्या कर्णिकेचे ३ मिळवले की ३९. एलए ४१. तिघंही एकमुखाने वाढलेलं म्हणतात. तरी मी व्हालसाल्वा करून घेतला, कारण शेजारी शिकणारी मुलगी उभी होती आणि तिला तो बघायचा होता. ई ४८, ए ८६, गुणोत्तर ०.५६. पडद्यावर बुटकी ई आणि उंच ए आली तशी ती मुलगी म्हणाली, “सर, हा तर वेगळाच माणूस दिसतोय.” माणूस तोच होता, ढकलणारा हात दहा सेकंद बाजूला झाला होता.

रिपोर्टमध्ये असं लिहिलं: एलव्हीची भिंत जाड, आकुंचन चांगलं. डायस्टोलिक डिसफंक्शन, दुसरी ग्रेड. विश्रांतीत एलएचं प्रेशर वाढलेलं असण्याची खूण स्पष्ट. तपासणीच्या वेळी ब्लड प्रेशर १६४/९२, गती ७४, सायनस ताल. खाली सगळे आकडे. ग्रेड लिहून प्रेशरचं वाक्य गाळू नका. पाठवणाऱ्या डॉक्टरला ग्रेडपेक्षा त्या वाक्याची गरज असते. आणि नुसत्या वयामुळे ई-ए उलटलेल्या सत्तरीतल्या प्रत्येकाला ‘ग्रेड वन डिसफंक्शन’ चिकटवू नका. तो शब्द वाचून लोक रात्रभर जागतात.

बाईंना लघवीचं औषध सुरू झालं, रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा एको. या वेळी ब्लड प्रेशर १२८/७८. ई ५८, ए ८४, गुणोत्तर ०.६९. ट्रायकस्पिड २.५. एलए ४०, तो एवढ्यात लहान होत नाही. ई-प्राइम सेप्टल ५, लॅटरल ७, तिथल्या तिथे. ई बाय ई-प्राइम ९.७. ई ५० च्या वर आहे म्हणून पुन्हा तिघांना विचारलं. या वेळी दोघं ‘ठीक’ म्हणाले. पहिली ग्रेड, प्रेशर ठीक. मुलीला रिपोर्ट लिहायला सांगितला. तिने शेवटी स्वतःहून एक ओळ घातली: “आधीच्या तपासणीच्या तुलनेत एलएचं प्रेशर उतरलेलं, एलव्हीचं सैल पडणं पूर्वीइतकंच मंद.” मी खाली सही केली.